लग्नाचा पुरावा



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'पत्नीचा व्हिसा' असे उत्तर दिले. ते क्षणभर गप्पच राहिले. काल याच व्यासपीठावरून संतवाङ्मयावर बोलणे झाले, उद्या पाणीप्रश्नावर होणार आहे. या दोहोंच्या मध्ये व्हिसा कोठे बसवावयाचा, हा त्यांच्यापुढे प्रश्न पडला असावा. मग हलक्या आवाजात ते म्हणाले, "गुरुजी, आमच्या मेव्हण्याच्या मुलीचे कागद दीड वर्ष अडकून पडले आहेत. ठेवा तोच विषय." आज सभागृहात जी गर्दी दिसते आहे, तीवरून मेव्हणे पुष्कळांना आहेत असे वाटते.

आरंभीच एक गोष्ट कबूल करतो. मी वकील नाही. चौतीस वर्षे शाळेत इंग्रजी आणि भूगोल शिकविला. माझ्या भाचीचे लग्न अमेरिकेतील एका मुलाशी झाले आणि तिचे कागद करण्याचे काम, मला इंग्रजी येते या एकाच कारणाने, माझ्याकडे आले. त्या अडीच वर्षांत जे पाहिले आणि वाचले, ते तुमच्यापुढे ठेवावयाचे आहे. भाचीचे नाव सांगत नाही. तिच्या नावांनी आधीच पुष्कळ त्रास दिला आहे, ते पुढे येईलच.

प्रथम प्रवासाचा मार्ग थोडक्यात सांगतो. पत्नी स्वतः अर्ज करून जाऊ शकत नाही. नवऱ्याने तिला बोलवावे लागते. त्याने तिकडच्या इमिग्रेशन खात्याकडे आय-१३० नावाचा विनंतिअर्ज करावयाचा असतो. नवरा अमेरिकेचा नागरिक असेल, तर त्याच्या पत्नीला संख्येची मर्यादा लागत नाही. तो नुसता ग्रीनकार्डधारक असेल, तर मात्र दर वर्षी ठराविक व्हिसे, प्रत्येक देशाला ठराविक वाटा, आणि आपला क्रमांक लागेपर्यंत वाट पाहणे. स्थळ पाहताना पगार, घर, गोत्र सारे विचारले जाते. 'नागरिक की कार्डधारक?' हा प्रश्न मात्र साखरपुड्यानंतर कोणाला तरी सुचतो. तो आधी सुचावा. विनंतिअर्ज मान्य झाला की कागद न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथ गावच्या राष्ट्रीय व्हिसा केंद्रात जातात. तेथे फी भरावयाची, डीएस-२६० हा अर्ज भरावयाचा, जन्मदाखला, विवाहदाखला, पोलिसांचा दाखला आणि नवऱ्याचे हमीपत्र पाठवावयाचे. केंद्राला ते पुरेसे वाटले, की मुंबईच्या वकिलातीतील मुलाखतीची तारीख मिळते. तत्पूर्वी नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणी. तीत छातीचा एक्स-रे असतो, आणि क्षयाचा संशय आला तर थुंकीच्या तपासणीत सहज दोन महिने जातात. मग मुलाखत. ऐकावयास हे सरळ आहे. आमच्या घरी याला फेब्रुवारी २०२२ पासून ऑगस्ट २०२४ पर्यंत काळ लागला.

आनंदीबाई जोशी १८८३ साली बोटीने न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांना व्हिसा लागला नव्हता. नवरा हिंदुस्थानातच राहिला होता आणि अठरा वर्षांची मुलगी एकटी डॉक्टर होण्यास निघाली होती. तिला अडविले ते आपल्या लोकांनी, तिकडच्या सरकारने नव्हे. परदेशी माणसाने आपल्याच देशात, अमेरिकेच्या वकिलातीत जाऊन आधी परवानगी घ्यावी, ही पद्धत पहिल्या महायुद्धाच्या वेळी आली आणि १९२४ च्या कायद्याने कायमची रुजली. त्याआधीच, १९१७ साली, हिंदुस्थानासह आशियाचा फार मोठा भाग बंदीच्या पट्ट्यात घातला गेला होता. १९४६ साली दार किलकिले झाले, पण किती? साऱ्या हिंदुस्थानास वर्षाला शंभर माणसे! १९६५ च्या कायद्याने हा देशवार भेद उठला. आज न्यूजर्सीत गणपती बसतात ते त्या कायद्यामुळे. भूगोलाचा मास्तर असल्याने मी थोडा फिरून आलो, असो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. लग्न झाले, हे सिद्ध कशाने होते?

आपल्याकडे याचे उत्तर सोपे आहे. पाचशे माणसे जेवून गेली. अक्षता टाकताना गावाने पाहिले. हिंदू विवाह कायद्यानेसुद्धा जेथे सप्तपदीचा विधी आहे तेथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण झाला असे मानले आहे. कागदाचे नाव त्या कलमात नाही. आपला पुरावा माणसांत असतो. मांडव उतरला, माणसे पांगली, तरी तो त्यांच्या आठवणीत राहतो. पण पाचशे माणसांना घेऊन कोणी वकिलातीत जात नाही. तेथे कागद जातो. आणि आपला कागद कसा असतो? विवाहनोंदणी सर्वांनाच सक्तीची असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले. महाराष्ट्रात १९९८ चा कायदा त्याआधीच होता. तरीही 'व्हिसाला लागतो म्हणून' दाखला काढण्यास धावणारी कुटुंबे मी आजही पाहतो. लग्न एका वर्षीचे, नोंदणी पुढच्या वर्षीची, साक्षीदार त्या दिवशी जो रिकामा सापडला तो. मग कागद तपासणाऱ्याने विचारले की हे लग्न व्हिसाची आठवण झाल्यावरच कसे नोंदविले गेले, तर त्याच्यावर रागवावयाचे कशासाठी?

परंतु लग्नाच्या दाखल्याहून मोठा घोटाळा नावांचा आहे. येथे मी जरा थांबणार आहे, कारण या सभागृहातील निम्म्या घरांत तो आज पेटीत झाकून ठेवलेला आहे.

माझी भाची जन्मली ती एका नगरपालिकेच्या हद्दीतील प्रसूतिगृहात. प्रसूतिगृहाने नोंद पाठविली: आईचे नाव, बापाचे नाव, तारीख, आणि अपत्य, 'स्त्री'. एवढेच. बाराव्या दिवशी बारसे झाले, आत्याने कानात नाव सांगितले, पेढे वाटले. पण ते नाव नगरपालिकेच्या वहीत नेऊन घालावयाचे असते हे कोणाच्या डोक्यात आले नाही. वस्तुतः जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे वर्षाच्या आत हे काम फुकट होते, त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत थोडी फी भरून होते, आणि मुदत उलटलेल्यांसाठी शासनाने ती वेळोवेळी वाढवूनही दिली. आमच्या घरी ते राहूनच गेले. तिच्या भावाचे मात्र घातले होते. त्याला शाळेत घालताना दाखला लागला म्हणून घातले, असे माझी बहीण म्हणते. मग मुलीला शाळेत घालताना दाखला लागला नाही का? यावर बहिणीने उत्तर दिले नाही आणि मीही पुन्हा विचारले नाही. तो दोष आमच्या घराचा, वहीचा नव्हे.

दुसरे नाव शाळेचे आणि पासपोर्टचे. ते माहेरचे: तिचे स्वतःचे, मधे वडिलांचे, शेवटी आडनाव. तिसरे लग्नातले. बोहल्यावरून उतरल्यावर ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवे नाव लिहिले. सासूबाईंनी हौसेने निवडलेले होते. आडनाव बदलले, मधले नाव बदलले, आणि पहिलेही बदलले! जावयाने प्रेमाने, माझ्या मते थोड्या अविचाराने, अमेरिकेतील विनंतिअर्जात तेच तांदळातले नाव लिहून टाकले. अर्जात पूर्वीची सर्व नावे विचारणारा एक रकाना असतो. तो कोरा सोडला. त्याला वाटले, आता ती आपल्या घरची, तेव्हा पूर्वीच्या नावाशी संबंध काय?

म्हणजे पहा. जन्मदाखल्यावर बिननावाची एक मुलगी. पासपोर्टवर दुसरी. अर्जावर तिसरी. आणि या तिघी एकच आहेत हे पोर्ट्समथ येथील एका अपरिचित कारकुनाने ओळखावे, अशी आमची अपेक्षा. त्याने ओळखले नाही. कागद परत आले. नगरपालिकेत नाव चढविणे, शाळा सोडल्याचा दाखला जोडणे, दोन नावे एकाच व्यक्तीची असल्याची प्रतिज्ञापत्रे, तिकडे जावयाने चूक दुरुस्त करण्यासाठी केलेला पत्रव्यवहार, यांत सात महिने गेले. सात महिने ती मुलगी माहेरी बसून होती. शेजारणी विचारीत, "अजून नाही का बोलावले?" या प्रश्नात काय काय दडलेले असते ते तुम्हांस सांगावयास नको. नवऱ्याने टाकली की काय, अशी कुजबुज आमच्या आळीत सुरू झाली होती. तेव्हा माझे स्पष्ट मत असे आहे की, व्हिसा हाती येईपर्यंत मुलीचे नाव तांदळातच राहू द्यावे, कागदावर आणू नये. पासपोर्टवर जे आहे तेच सर्वत्र चालवावे. नाव बदललेच पाहिजे असे भारतीय कायदा कोठेही म्हणत नाही. सासूबाईंना वाईट वाटेल. त्यांची समजूत घालता येते, पोर्ट्समथच्या कारकुनाची घालता येत नाही.

आता दुसरी बाजू. 'हे लग्न खरे आहे काय?' असे ते मुळात का विचारतात? आपल्याला हा प्रश्न अपमानाचा वाटतो. मलाही वाटला. पण कार्डासाठी कागदोपत्री लग्ने लावणारे लोक आहेत, पैसे घेऊन ती जुळविणारेही आहेत. म्हणून १९८६ साली तिकडे कायदा झाला: प्रवेशाच्या वेळी लग्नाला दोन वर्षे झाली नसतील, तर पत्नीला सशर्त, दोनच वर्षांचे कार्ड मिळते, आणि मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत नवराबायकोने मिळून पुन्हा अर्ज करावयाचा की आम्ही खरेच संसार करीत आहोत. त्या कायद्याच्या वेळी अशी तीस टक्के लग्ने खोटी असतात, असा आकडा तिकडच्या खात्याने सिनेटपुढे ठेवला होता. पुढे उघड झाले की तो आकडा सिद्ध झालेल्या लबाडीचा नसून नुसत्या संशयाचा होता. आकडा गेला, कायदा राहिला. जगात असे पुष्कळदा होते.

आणि संशय एकदा मोकळा सुटला की कोठवर जातो, याचेही उदाहरण आहे. ते अमेरिकेचे नाही, इंग्लंडचे आहे. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक पस्तीस वर्षांची भारतीय शिक्षिका आपल्या वाग्दत्त वराशी लग्न करण्यास उतरली. ती खरोखर अविवाहित आहे की नाही हे ठरविण्यासाठी तिची कौमार्याची तपासणी करण्यात आली, आणि ती एका पुरुष डॉक्टरने केली. वर्तमानपत्रांतून बभ्रा झाला, आपल्या सरकारने निषेध नोंदविला, तेव्हा ती पद्धत बंद झाली. त्यानंतरही, १९९७ पर्यंत, इंग्लंडात असा नियम होता की येथून जाणाऱ्या नवऱ्यानेच सिद्ध करावे की लग्नामागील आपला मुख्य हेतू इंग्लंडात राहणे हा नव्हता. ठरवून केलेल्या लग्नात हेतू कसा सिद्ध करणार? दोघांची ओळख पंधरा दिवसांची. प्रेम असते ते पुढे होते. असा हेतू कोणत्या कागदावर उमटतो?

अमेरिकेच्या वकिलातीपुढेही अडचण हीच येते, फक्त अधिक सभ्य रूपात. एकत्र राहणाऱ्या नवराबायकोचे घरभाडे, बँकेतील खाते, विम्याचा कागद हे त्यांचे नेहमीचे पुरावे. लग्नानंतर तीन आठवड्यांनी ज्याची रजा संपली, त्या नवऱ्याचे आणि येथेच राहिलेल्या बायकोचे एकत्र खाते कोठून असणार? यावर उपाय म्हणून आमच्याकडे तालुक्याच्या गावचे एक एजंट आले. कोट, हातात जाड फाईल. त्यांनी सांगितले की ठरवून केलेले लग्न साहेबाला समजत नाही. तेव्हा दोघांची कॉलेजात ओळख होती असे लिहा. शिवाय चार-पाच फोटो महाबळेश्वरला जाऊन काढून घ्या, कपडे बदलून, म्हणजे चार-पाच सहली दिसतील. जावयाने पाठविलेली पत्रे आणि वाढदिवसाची कार्डे त्यांनी चाळली आणि 'पोरकट आहेत' म्हणून बाजूस काढली. फी सांगितली ती येथे उच्चारीत नाही.

मंडळी, यातील एकही गोष्ट करू नका, असे मी हात जोडून सांगतो. मुंबईच्या वकिलातीतील अधिकाऱ्यांपुढून आपली ठरविलेली लग्ने वर्षानुवर्षे जात आहेत. मुहूर्त, बस्ता, मुलगी पाहणे हे त्यांना नवीन नाही. खोटे मात्र त्यांना अधिक लवकर कळते. आणि खोट्याची शिक्षा पहा: व्हिसासाठी महत्त्वाच्या बाबतीत खोटे सांगितल्याचे ठरले, तर प्रवेशाचे दार त्या व्यक्तीला जन्मभर बंद होते, विशेष सवलत मिळाली तरच उघडते, आणि ती मिळविणे कठीण. लग्नच बनावट ठरले, तर पुढे दुसरे खरे लग्न केले तरी त्याच्या आधारे विनंतिअर्ज मान्य होत नाही. म्हणजे खरे लग्न झालेली मुलगी, ते अधिक खरे दिसावे म्हणून सांगितलेल्या एका खोट्यापायी कायमची अडकावयाची! एजंटाचे काय, तो दुसऱ्या गावी जातो.

मुलाखत ऑगस्ट २०२४ मध्ये होती. पूर्वी वकिलात ब्रीच कँडीला, वांकानेरच्या संस्थानिकांच्या जुन्या वाड्यात होती आणि लोक फुटपाथावर रांगा लावीत. २०११ पासून ती वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. आत बरोबरच्या माणसांना सोडीत नाहीत, मोबाईल नेऊ देत नाहीत. मी बाहेर उभा राहिलो. एका हातात तिची पर्स, दुसऱ्या हातात दोन मोबाईल. आसपास माझ्यासारखेच बाप, मामा, सासरे. सर्वांच्या हातात बायकांच्या पर्स. कोणी कोणाशी बोलत नव्हते.

त्या दिवशी माझ्या मनावर एका निकालाचे ओझे होते. दोनच महिन्यांपूर्वी, २१ जून २०२४ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सँड्रा मुन्योझ यांच्या प्रकरणात निर्णय दिला होता. या बाई लॉस एंजेलिसच्या वकील, अमेरिकेच्या नागरिक; नवरा एल साल्वादोरचा. २०१० साली लग्न झालेले. तेथील वकिलातीने २०१५ साली त्याला व्हिसा नाकारला. त्याच्या अंगावरील गोंदणावरून तो गुंडटोळीचा असावा असा संशय. बाई न्यायालयात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरविले की, परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा हा नागरिकाचा मूलभूत हक्क नव्हे. लग्न करण्याचा हक्क आहे; नवऱ्याला आपल्या देशात आणण्याचा नाही. खिडकीमागच्या अधिकाऱ्याचा निर्णय न्यायालये सहसा तपासीत नाहीत, हे तत्त्व तेथे फार जुने आहे. त्या दिवशी ते पतिपत्नींच्या बाबतीतही पक्के झाले. तीन न्यायमूर्तींचे मत निराळे पडले. मी तो निकाल वाचला आणि घरात कोणाला सांगितला नाही. ज्या खिडकीवर अपील नाही, तिच्यापुढे आपली मुलगी उभी करावयाची, एवढेच रात्रभर डोक्यात घोळत होते.

आत काय झाले ते भाचीच्या तोंडून ऐकलेले सांगतो. काचेपलीकडे एक तरुण बाई होती. उजवा हात वर करून खरे सांगण्याची शपथ झाली. इंग्रजी जमत नसेल तर तसे सांगावे, आपल्या भाषेत बोलण्याची सोय असते; हिने इंग्रजीतच बोलणे केले. स्थळ कोणी आणले, किती वेळा भेटलात, लग्नाला सासरचे कोण कोण आले होते, नवरा काय काम करतो, तो नंतर केव्हा येऊन गेला, असे प्रश्न झाले. "दोन भेटींत होकार दिलास?" असे तिने विचारले. ही म्हणाली, "भेटी दोन झाल्या, पण मधले दीड महिने रोज फोनवर बोलत होतो. मग मी हो म्हटले." यात कॉलेजची ओळख नव्हती, महाबळेश्वर नव्हते.

मग त्या बाईने तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. जन्मदाखल्यावर नाव अलीकडे चढविलेले, अर्जात नाव दुरुस्त केलेले. ती थांबली. आणि तिने विचारले, "नवरा तुला कोणत्या नावाने हाक मारतो?"

भाचीच्या पोटात गोळा आला. कारण खरे उत्तर या तिन्ही नावांपैकी नव्हते. तो तिला तिच्या घरातल्या लाडक्या नावाने, 'चिऊ' म्हणून हाक मारतो. हे नाव कोणत्याच अर्जात नव्हते. तीन नावांनी सात महिने खाल्ले, आता चौथे सांगावयाचे? क्षणभर तिला वाटले की पासपोर्टवरचे नाव सांगून मोकळे व्हावे. पण शपथ झाली होती. तिने खरे ते सांगितले, आणि त्याचा अर्थ चिमणी असा होतो हेही सांगितले.

त्या बाईने पुराव्याच्या गठ्ठ्यात हात घातला. एजंटाने बाजूला काढलेली कार्डे बहिणीने हट्टाने परत घातली होती. मीही त्यांना नाकच मुरडले होते, हे येथे कबूल करतो. पहिल्याच कार्डावर इंग्रजी अक्षरांत 'चिऊ' लिहिलेले होते. दुसऱ्यावरही तेच. तिसऱ्यावर चिमणीचे चित्र, फार वाईट काढलेले. बाईने ती पाहिली, परत दिली आणि पासपोर्ट ठेवून घेतला. पासपोर्ट ठेवून घेणे हे शुभ लक्षण समजतात. ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. आधी तिने पर्स मागितली, रुमाल काढला, आणि मग सांगितले.

प्रत्येकीचे असे होत नाही. पुष्कळांना खिडकीवर एक छापील चिठ्ठी मिळते. तिला २२१(जी) म्हणतात. तिचा अर्थ कायमचा नकार असा नव्हे. बहुधा एखादा कागद कमी आहे किंवा चौकशी बाकी आहे. ती मिळाल्यावर घरी रडारड करण्याआधी तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचावे. अधिकाऱ्याला लग्नाविषयीच शंका वाटली, तर तो विनंतिअर्ज स्वतः रद्द करू शकत नाही. तिकडच्या खात्याकडे परत पाठवितो, आणि मग तेथे नवऱ्याला उत्तर देण्याची संधी मिळते. यात वर्ष जाऊ शकते.

भाची ऑक्टोबर २०२४ मध्ये गेली. तोवर लग्नाला पावणेतीन वर्षे झाली होती, म्हणून तिला दोन वर्षांचे सशर्त कार्ड न मिळता एकदम दहा वर्षांचे मिळाले. उशिराचा एवढाच काय तो फायदा.

आता मुलींच्या आईबापांना दोन गोष्टी सांगावयाच्या राहिल्या; त्या कोणी सांगत नाही. नवऱ्याने सही केलेले हमीपत्र, आय-८६४, हा नुसता उपचार नाही. तिकडच्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्नाइतका आधार पत्नीला देण्याचा तो करार आहे. २०२५ च्या कोष्टकाप्रमाणे दोघांच्या कुटुंबाला ही रक्कम वर्षाला २६,४३७ डॉलर होते. आणि घटस्फोटाने हा करार संपत नाही! पत्नी नागरिक होईपर्यंत, किंवा साधारण दहा वर्षांच्या कामाचा हिशेब भरेपर्यंत तो टिकतो, आणि ती त्यासाठी न्यायालयात जाऊ शकते. दुसरे असे की, सशर्त कार्ड असलेल्या मुलीचा छळ झाला किंवा लग्न मोडले, तर आय-७५१ हा अर्ज ती एकटी करू शकते. त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही. नवरा नागरिक किंवा कार्डधारक असून छळ करीत असेल, तर १९९४ च्या कायद्याप्रमाणे ती त्याला न कळविता स्वतःचा विनंतिअर्जही करू शकते. 'मी सही केली नाही तर तुला परत पाठवतील,' या एका वाक्यावर मुलींना वर्षानुवर्षे गप्प बसविले जाते. माझ्याकडे आलेल्या दोन घरांत हे वाक्य मी ऐकले आहे. म्हणून कागदांच्या मूळ प्रती मुलीच्या पर्समध्ये असाव्यात, सासऱ्यांच्या कपाटात नव्हे. आणि नक्कलांचा एक संच माहेरी.

माझी वेळ संपत आली असे अध्यक्षांच्या घड्याळावरून दिसते. उद्या सकाळी नऊ ते अकरा मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसणार आहे. ज्यांचे कागद अडले असतील त्यांनी यावे. मूळ कागद आणू नयेत, नकला आणाव्यात. ज्यांच्या घरी अद्याप कोणी परदेशी निघालेले नाही, पण नात जन्मली आहे, त्यांनी येताना तिचा जन्मदाखला आणावा. 'स्त्री' या शब्दापुढे नाव आहे की नाही, ते आपण मिळून पाहू. नगरपालिकेचे कार्यालय तेथून चार पावलांवर आहे आणि ते साडेदहाला उघडते.